फ्रेमची मागची बाजू

पावसाळ्यात काचेच्या आतून बुरशीचे ठिपके दिसायला लागले म्हणून फ्रेम उघडली, नाहीतर तो शर्ट आजही दिवाणखान्यात मिरवत असता. ९ मार्च १९९६, बंगळुरू, भारत-पाकिस्तान. प्रसादने सोहेलची दांडी गुल केली तो सामना. त्यात घातलेला शर्ट, अशी छातीठोक खात्री देऊन मला विकलेला. मागचा खाकी कागद फाडला, शर्ट उलटा केला, तर खेळाडूच्या नावाखाली हा भला ठसठशीत आकडा! १९९६ ला पाठीवर नुसती नावं होती. विश्वचषकात आकडे आले १९९९ ला. तरी सामन्याचं चित्रण लावून थांबवत थांबवत पाहिलं. एकाच्याही पाठीवर आकडा नाही.

विक्रेत्याला फोन केला. एरवी ‘दादा, दादा’ करणारा हा गृहस्थ म्हणतो, “साहेब, सील तुम्ही तोडलंत. आता सर्टिफिकेट बाद.” म्हणजे उघडल्याशिवाय कळायचं नाही आणि उघडलं की हक्क संपला! वर ऐकवतो, “कापड चांगलंय, घाला की.” घरचे विचारतात, आधी कसं कळलं नाही? काचेतून छाती दिसते, पाठ नाही. कुणाला कळणार होतं?

तेव्हा पैसे मोजण्याआधी फ्रेम उघडायला लावा. का कू केलं तर उठा. १९७५ ते १९८७ चे चारही विश्वचषक पांढऱ्या कपड्यांत, लाल चेंडूने झाले. रंगीत कपडे १९९२ पासून. कुणी १९८३ चा निळा शर्ट दाखवला तर चहा पिऊन घरी या.

बॅट असेल तर त्या दिवसाचे फोटो मिळवून लाकडाच्या रेषा जुळवा. स्टिकर बदलता येतो, रेषा नाही. सहीवर भाळू नका. सही अस्सल असली तरी बॅट मैदानात उतरली होती हे त्यातून ठरत नाही. खेळाडूंना जादा शर्टही मिळतात. न घातलेला तसला शर्ट ‘घातलेला’ म्हणून खपवणारे आहेतच.

वस्तू कुणाकडून कुणाकडे आली ते विचारा. २०११ ची अंतिम लढत धोनीने ज्या बॅटने संपवली, ती त्याच वर्षी लंडनच्या धर्मादाय लिलावात १ लाख पौंडांना गेली. सगळा व्यवहार चारचौघांत. विक्रेत्याने स्वतःच छापलेलं चकचकीत होलोग्रामचं सर्टिफिकेट म्हणजे काहीच नाही. सामना, तारीख आणि ‘सामन्यात वापरलेला’ हे शब्द बिलावर लिहून घ्या. माझ्या बिलावर ‘स्पोर्ट्स फ्रेम, १ नग’ एवढंच आहे, आणि तो त्यावरच अडून बसलाय. ग्राहक आयोगाकडे तक्रारीला २ वर्षांची मुदत असते, ती घालवू नका. भावनेच्या भरात खरेदी करू नये, हे तर सगळेच सांगतात.

सध्या हाच माणूस वानखेडेवरच्या २०११ च्या अंतिम सामन्यातली लाल दिवा लागणारी बेल विकतोय म्हणे. एकदिवसीय विश्वचषकात तसल्या बेल्स २०१५ ला आल्या. ओळखीतल्या प्रत्येकाला मी हे फोन करून कळवलंय.