१ जूनचा जन्म, दोन आडनावे
सरकारी नोंदी जोडताना काय करावे, काय टाळावे

२०११ आणि २०२७ या दोन जनगणनांमध्ये १६ वर्षांचे अंतर. या काळात कोण जन्मले, कोण गेले, कोण गाव सोडून गेले, याचा माग जन्म-मृत्यू नोंदवही, शिधापत्रिका, शाळेचा पट आणि मतदार यादी यांत विखुरलेला आहे. तो जोडला तर लोकसंख्येचा आकडा सुधारतो. डेन्मार्कने १९८१ ची जनगणना निव्वळ नोंदवह्यांवरून केली. पण तिथे १९६८ पासून प्रत्येकाला व्यक्ती क्रमांक आहे आणि घर बदलले की कळवावेच लागते. आपल्याकडे घर बदलल्याची वर्दी कोण देतो? म्हणून ही पथ्ये.

काय करावे

- यादी कशासाठी बनली, ते आधी विचारा. शिधापत्रिका धान्यासाठी, पट शाळेसाठी. जिथे लाभ, तिथे नाव टिकते. गेलेल्या माणसाचे नाव कमी करायला कुणी धावत जात नाही.

- जन्म आईच्या गावाकडे वळवा. जन्म जिथे घडतो तिथेच नोंदला जातो. बाळंतपण माहेरी, तेही तालुक्याच्या दवाखान्यात. मग तालुक्याचा जन्मदर फुगतो आणि सासरचे गाव कोरडे दिसते. नोंदीच्या सांख्यिकी भागात आईच्या राहण्याचे गाव असते, ते धरा.

- लग्नाआधीचे नाव विचारात घ्या. लग्नानंतर अनेकींचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलते. माहेरच्या यादीतली एक आणि सासरच्या यादीतली दुसरी, अशी एकच बाई दोनदा मोजली जाते.

- जे जुळले नाही, त्यासाठी गावात जा. नमुना नोंदणी पद्धतीत एक जण वर्षभर जन्म-मृत्यू टिपतो, दुसरा सहामाहीला स्वतंत्र पाहणी करतो आणि न जुळलेल्या घटना पुन्हा घरी जाऊन तपासतात. हा धडा घरचाच आहे.

- चुका दोन खात्यांत मांडा. चुकीने जोडलेल्या वेगळ्या, जोडायच्या राहिलेल्या वेगळ्या. आकड्यासोबत दोन्ही छापा.

- जोडणी संपली की नाव आणि क्रमांक काढून टाका. विश्लेषकाला सांकेतिक खूण पुरते.

काय टाळावे

- जन्मतारखेवर विसंबू नका. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकलेल्या पिढ्याच्या पिढ्या आहेत. नाव सारखे, तारीख १ जून, एवढ्यावर दोन माणसांचा एक करू नका.

- यादीत नाव म्हणजे माणूस घरी, असे समजू नका. बीडच्या ऊसतोड मजुराची शिधापत्रिका गावात असते आणि फेब्रुवारीत तो स्वतः कारखान्याच्या फडावर असतो.

- यादीत नाव नाही म्हणजे माणूसच नाही, असेही समजू नका. पालावरची कुटुंबे आणि बांधकामावर राहणारे मजूर कागदावर सर्वांत शेवटी येतात.

- दारोदार मोजणीला सुट्टी देऊ नका. न्यूझीलंडच्या २०१८ च्या जनगणनेत प्रतिसाद कमी पडला, तेव्हा सुमारे ११ टक्के माणसे सरकारी नोंदींतून भरून काढली. डोकी भरली, पण माओरींच्या इवी, म्हणजे कुळांची माहिती इतकी तोकडी राहिली की ती अधिकृत आकडेवारी म्हणून प्रसिद्धच झाली नाही. सरकारी दप्तर जे विचारत नाही, ते त्यातून निघत नाही.

- माहिती उलट दिशेने नेऊ नका. नोंदींतून जनगणनेकडे यावे, जनगणनेतून कारवाईकडे जाऊ नये. जनगणना अधिनियम, १९४८ च्या कलम १५ नुसार जनगणनेच्या नोंदी पाहण्याचा कुणाला हक्क नाही आणि दिवाणी दाव्यात त्या पुरावा म्हणूनही चालत नाहीत. ‘मोजणीवाल्याला खरे सांगितले आणि रेशन तुटले’ अशी बोलवा एकदा उठली, की पुढच्या वेळी दार उघडेल, चहाही मिळेल. खरे उत्तर मात्र मिळणार नाही.