कच्चा कट पाहिल्यावर

मेल राजवीथी, तंजावूर

चि. मैथिलीस,

तुझा कच्चा कट पाहिला. राजवाड्याच्या आवारात झाडलोट करणाऱ्या बाईंवर फिल्म करतेस, हे फार बरं. एरवी इथे येणारा प्रत्येक कॅमेरा दरबार हॉल, घंटामनोरा आणि सरस्वती महाल ग्रंथालयाकडेच वळतो. आपली मराठी मंडळी तर तंजावूरच्या सरफोजीराजांच्या पुढे सरकतच नाहीत. ते सगळं दोन शॉटांत उरक.

सुरुवातीला ते प्राध्यापक जात आणि श्रम समजावून सांगतात, मग बाईंचा क्लोजअप आणि खाली व्हायोलिन. दोन्ही काढ. खरी गोष्ट तुझ्या चित्रणात आहेच. बाई टपरीपासून चार हात लांब उभ्या आहेत. पोरगा त्यांच्या लोट्यात वरून चहा ओततो, बाकीचे काचेच्या ग्लासातून पितात. कुणी काही बोलत नाही. तो शॉट तू लगेच तोडलास. चहा संपेपर्यंत राहू दे. मात्र लोटा रोजचाच आहे का, हे आधी आठवडाभर जाऊन बघ. एका सकाळच्या दृश्यावरून टपरीवाल्याला आरोपी करू नकोस.

दिव्या भारतींचा माहितीपट 'कक्कूस' (2017) पुन्हा बघ. हाताने मैला उचलण्याविरुद्ध 2013 चा कायदा आहे, तरी तमिळनाडूत ते काम कसं चालतं, हे त्यात कामावरची माणसंच दाखवतात.

आणि बाई तुझ्यावर वैतागून "कशाला काढतेस?" म्हणाल्या, ते का कापलंस? आनंद पटवर्धनांच्या 'हमारा शहर'मध्ये (1985) एक झोपडीवासी बाई त्यांनाच फैलावर घेते : गरिबांचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार. त्यांनी ते ठेवलं. त्याच फिल्ममध्ये गाणारे विलास घोगरे यांनी मुंबईतल्या रमाबाई नगरात 1997 मध्ये झालेल्या पोलीस गोळीबारानंतर जीव दिला. तिथून सुरू झालेला पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' पुरा व्हायला 14 वर्षं लागली. तू निदान आणखी एक हंगाम थांब.

बाई ठेकेदाराकडे कामाला आहेत. चेहरा दाखवल्याने रोजगार जाणार असेल तर हात दाखव, झाडू दाखव. संमतीचा कागद इंग्रजीत नको, तमिळमध्ये वाचून दाखव. आणि पहिला खेळ त्यांच्या वस्तीत कर.

पोंगल सणातल्या काणुम पोंगलच्या दिवशी लोक सहकुटुंब फिरायला बाहेर पडतात. दुसऱ्या दिवशी पहाटे आवारात काम दुप्पट असतं. त्या वेळी ये, मुक्काम आपल्याकडेच.

तुझा मामा