साठी बुद्धी नाठी म्हणण्यापूर्वी कान तपासा



ऊसनोंदीसाठी गावोगाव फिरताना आम्हांस एक गोष्ट वारंवार आढळते. नोंद बाबाजींच्या नावे असते, पण लागणीची तारीख विचारली की उत्तर भलतेच येते. घरचे म्हणतात, "साहेब, त्यायले आता काही समजत नाही, मलेच विचारा." जवळ बसून, समोरासमोर सावकाश विचारले की तेच बाबाजी तारीख, उसाची जात, बेणे कुठून आणले, सारे बिनचूक सांगतात. बुद्धी शाबूत असते. बिघाड कानात असतो.

परंतु हा बिघाड तसाच राहू दिला, तर पुढे मेंदूलाही झळ लागू शकते. कानाच्या आतील भागात केसासारख्या बारीक पेशी असतात. वयाने व मोठ्या आवाजाने त्या मरतात, पुन्हा उगवत नाहीत. म्हणून आवाज येतो, पण शब्द कळत नाही. अर्धवट शब्द जुळविण्यातच मेंदूची शक्ती खर्च होते. लोक हसतात म्हणून माणूस पारावर जाणे सोडतो. बोलणे तुटले की मेंदूला कामच राहत नाही.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. त्यांत बहिरेपण आहे. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षे प्रयोग झाला. निष्कर्ष २०२३ मध्ये आले. सर्वांचा मिळून फरक दिसला नाही. मात्र ज्यांना धोका जास्त होता, त्यांच्यात श्रवणयंत्र व मार्गदर्शनाने बुद्धीची घसरण ४८ टक्के कमी झाली. म्हणजे यंत्र ही जादू नव्हे, पण उपाय टाळणेही शहाणपणाचे नाही.

नांग्या वेळेवर भरल्या तर रोप बरोबरीने वाढते. उशिरा भरलेले सावलीत दबते. कानाचेही तसेच. वर्षानुवर्षे बहिरेपणात काढल्यावर यंत्राची सवय होणे जड जाते.

तेव्हा एवढे करावे :

१) कानात तेल, काडी घालू नये. कधी कधी नुसता मळच असतो. तो डॉक्टरकडून काढावा.

२) नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात तपासणी करून घ्यावी.

३) एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

४) यंत्र मिळाल्यावर रोज वापरावे. सवयीला काही आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी पेटीत ठेवू नये.

५) ओरडू नये. समोर येऊन, सावकाश बोलावे.

६) ट्रॅक्टर, मळणीयंत्र वा कारखान्याच्या गिरणीजवळ काम करणाऱ्या तरुणांनी कानात बोळे वापरावेत.

राज्य शासनाच्या २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना साधनांसाठी ३,००० रुपयांची तरतूद केली होती. सद्यःस्थितीची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी.

शेअर ज्यांच्या नावे आहे, त्यांना विचारल्याशिवाय कागद पुढे सरकवू नका. आधी त्यांना ऐकू येईल असे करा.

— ऊस विकास अधिकारी