हाताबाहेर गेलेली मुले : वर्तनविकाराची ओळख व उपचार

‘मुलगा हाताबाहेर गेला’ हे वाक्य घरात किंवा शाळेत एकदा उच्चारले गेले की पुढील गोष्टी बहुधा ठरलेल्या क्रमाने घडत जातात. प्रथम मार, मग वर्गाबाहेर उभे करणे, पुढे शाळेतून नाव कमी होणे आणि अखेरीस पोलीस ठाणे. या पायऱ्या मूल उतरत असताना ते असे का वागते, याचा शोध मात्र क्वचितच घेतला जातो. मारामुळे चोरी थांबत नाही, ती अधिक सावधपणे होऊ लागते, एवढा अनुभव तर प्रत्येक गावातील शिक्षकाला असतो. असे असूनही उपाय म्हणून पुन्हा मारच निवडला जातो.

खोटे बोलणे, भांडणे, दुसऱ्याची पेन्सिल उचलणे या गोष्टी थोड्याफार प्रमाणात सर्वच मुले करतात. त्यांना विकार म्हणावयाचे नसते. इतरांच्या हक्कांना व वयानुरूप नियमांना धक्का देणारे वर्तन पुनःपुन्हा आणि दीर्घकाळ घडत राहिले, व त्यामुळे मुलाचे घरातील, शाळेतील आणि सवंगड्यांमधील जीवन विस्कटले, तरच मानसोपचारशास्त्र त्यास ‘वर्तनविकार’ असे नाव देते. मानसोपचारतज्ज्ञ वापरतात त्या एका प्रचलित नियमावलीत अशी पंधरा लक्षणे दिलेली आहेत. दमदाटी, मारामारीची सुरुवात स्वतः करणे, शस्त्राचा वापर, माणसांशी वा मुक्या जनावरांशी क्रूरपणा, आग लावणे, मालमत्तेची जाणूनबुजून नासधूस, घरफोडी, फायद्यासाठी फसवणूक, तेराव्या वर्षापूर्वीच शाळा बुडविण्याची व रात्री घराबाहेर राहण्याची सवय, घरातून पळून जाणे अशा गोष्टींचा त्यांत समावेश होतो. गेल्या बारा महिन्यांत यांपैकी किमान तीन आणि गेल्या सहा महिन्यांत किमान एक लक्षण आढळल्यास निदानाचा विचार केला जातो.

परंतु केवळ यादीवर खुणा करून निदान होत नाही. मूल ज्या परिस्थितीत राहते ती पाहिल्याखेरीज या खुणांचा अर्थ लागत नाही, हे मध्य प्रदेशाच्या राजधानीतील वस्त्यांकडे पाहिले असता चांगले समजते. भोपाळ शहरात पारधी, कंजर, ओझा, गोंड अशा समाजांची अनेक कुटुंबे राहतात आणि भंगार वेचणे हे त्यांपैकी पुष्कळांचे उपजीविकेचे साधन आहे. भल्या पहाटे पाठीवर पोते घेऊन निघालेले मूल शाळेत वेळेवर पोहोचत नाही. दूरच्या भागात गेले तर रात्री परतत नाही. संशयावरून हटकले गेले तर खोटे नाव सांगते. कागदावर पाहिल्यास तीन लक्षणे पुरी झाली! प्रत्यक्षात ते मूल घर चालविण्यास हातभार लावीत असते आणि मोठ्यांनी शिकविलेल्या सावधगिरीने वागत असते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या समाजांना जन्मतः गुन्हेगार ठरविले, त्यांत पारध्यांचाही समावेश होता. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण संशयाची नजर गेली नाही. महाराष्ट्रातील फासेपारध्यांच्या मुलांचा अनुभवही याहून वेगळा नाही. अशा मुलाच्या कपाळी आता वैद्यकीय शिक्का मारावयाचा असेल तर तो जुन्याच शिक्क्याची नवी आवृत्ती ठरेल. वर्तन हे भोवतालच्या परिस्थितीला दिलेले केवळ उत्तर असेल तर हे निदान लावू नये, असा स्पष्ट इशारा अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९९४ च्या नियमावलीतही दिलेला होता. भोपाळमध्ये १९९८ पासून या वस्त्यांत काम करणाऱ्या ‘मुस्कान’ या संस्थेचा अनुभव येथे उपयोगी पडतो. मुलाचे काम, त्याची घरची भाषा व त्याच्या समाजाचा इतिहास लक्षात घेऊन शिक्षणाची आखणी करावयाची, हा त्या कामाचा पाया आहे.

परिस्थिती वजा केल्यावरही काही मुले उरतातच. त्यांच्या बाबतीत विकार केव्हा सुरू झाला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होय. न्यूझीलंडमधील डनेडिन येथे १९७२-७३ साली जन्मलेल्या एक हजाराहून अधिक मुलांचा जन्मापासून प्रौढपणापर्यंत अभ्यास करण्यात आला. त्याच्या आधारे टेरी मॉफिट या विदुषीने १९९३ मध्ये असे दाखवून दिले की, ज्यांचे असे वागणे लहानपणीच सुरू होते त्यांचा गट निराळा आणि केवळ पौगंडावस्थेत, बरोबरीच्या मुलांच्या संगतीने, बिघडणाऱ्यांचा गट निराळा. दुसरा गट मोठा असतो व त्यांतील बहुतेक मुले पुढे आपोआप मार्गी लागतात. पहिला गट लहान असतो, पण दुर्लक्ष झाल्यास त्यांचे हाल जन्मभर चालतात. दहा वर्षांच्या आत सुरू झालेल्या तक्रारींकडे ‘लहान आहे, सुधारेल’ म्हणून पाहणे म्हणूनच धोक्याचे आहे. उलट बाजूही तितकीच खरी आहे. ली रॉबिन्स यांनी अमेरिकेतील सेंट लुई येथे बालमार्गदर्शन केंद्रात आलेल्या पाचशेहून अधिक मुलांचा तीस वर्षांनी शोध घेतला आणि १९६६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. समाजविरोधी वर्तनासाठी आणलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले मोठेपणी तशी राहिलेली नव्हती. ‘हा कधीच सुधारणार नाही’ या भाकिताला शास्त्राचा आधार नाही.

आता कारणांकडे वळू. जन्मजात स्वभाव, आनुवंशिकता, गर्भावस्थेतील वा बालपणातील मेंदूची इजा, शिशासारख्या विषारी धातूचा संपर्क यांचा वाटा असतो. घरातील दारू, आईला होणारी मारहाण, पालकांपैकी एकाचे दीर्घ आजारपण किंवा स्थलांतर यांचाही असतो. मात्र विकार रोजच्या रोज जिवंत ठेवणारी जी गोष्ट आहे ती अगदी साधी आणि घरगुती आहे, आणि उपचाराची चावीही तिच्यातच आहे.

उदाहरणादाखल एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. आई मुलाला मोबाईल ठेवून अभ्यासाला बसण्यास सांगते. तो ऐकत नाही. आई आवाज चढविते, मुलगाही ओरडतो. आई हात उगारते तेव्हा तो ताट भिरकावून देतो. दमलेली आई अखेर म्हणते, ‘कर बाबा तुला काय करायचे ते.’ मुलगा गप्प होतो, घरात शांतता पसरते. या पाच मिनिटांत मुलगा एक धडा शिकला : पुरेसा आरडाओरडा केला की काम टळते. आईही एक धडा शिकली : माघार घेतली की शांतता मिळते. दुसऱ्या दिवशी वडील घरी असल्यास शेवट जबर माराने होतो, आणि मुलगा तिसरा धडा शिकतो : ज्याचे बळ अधिक त्याचे खरे. तोच धडा तो शाळेत आपल्याहून लहान मुलावर गिरवितो. जेरल्ड पॅटरसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने घराघरांत बसून अशा देवाणघेवाणीच्या नोंदी केल्या व या चक्राचे स्वरूप मांडले. यात आईला दोषी ठरविण्याचा हेतू नाही. दिवसभर राबून आलेली बाई याहून वेगळे काय करणार? पण चक्र कोठे तोडावयाचे, हे त्यातून दिसते.

लहान मुलांच्या बाबतीत सर्वांत भरवशाचा उपचार म्हणजे पालकांचे प्रशिक्षण. त्याची सुरुवात शिक्षेपासून न करता सहवासापासून करावयाची असते. दिवसातून दहा-पंधरा मिनिटे मुलाच्या आवडीच्या खेळात आई किंवा वडिलांनी सामील व्हावे आणि त्या वेळी उपदेश, चौकशी वा टोमणा यांपैकी काहीही करू नये. पहिल्या आठवड्यात पालकांना हेच फार कठीण जाते. मुलाने केलेली लहानशी चांगली गोष्ट ताबडतोब व नेमक्या शब्दांत नोंदवावी. ‘शहाणा आहेस’ असे मोघम म्हणण्यापेक्षा ‘बहिणीला आधी पाणी दिलेस, बरे केलेस’ असे म्हणणे उपयोगी पडते. सूचना एका वेळी एकच, जवळ जाऊन व शांत स्वरात द्यावी. कुरकुर, तोंड वेंगाडणे, पाय आपटणे यांकडे दुर्लक्ष करावे. नियम मोडल्यास होणारा परिणाम आधी सांगितलेला, लहान आणि हमखास घडणारा असावा. उदाहरणार्थ, त्या संध्याकाळी सायकल मिळणार नाही. महिनाभर सायकल बंद करण्याची घोषणा दोन दिवसांत मागे घ्यावी लागते आणि पालकांचा शब्द हलका होतो. आईने नाकारलेले आजीने गुपचूप दिले तर सर्व मेहनत वाया जाते. म्हणून आजी-आजोबांनाही या चर्चेत बसविणे आवश्यक आहे. प्रारंभी काही दिवस मुलाचे वागणे अधिकच बिघडते. जुना उपाय का चालत नाही हे ते ताणून पाहत असते. नेमक्या याच टप्प्यावर बरीच कुटुंबे प्रयत्न सोडून देतात, तेव्हा ही कल्पना त्यांना आधीच दिलेली बरी.

शाळेत काय करावे? शिक्षकाने अशा मुलाला जवळ बसवावे, त्याच्याकडे फळा पुसणे, हजेरीपट नेणे यांसारखे खरे काम सोपवावे, आणि चुकीबद्दल सर्वांसमक्ष न बोलता बाजूला घेऊन बोलावे. एका कार्डावर दररोज दोन-तीन ठरावीक गोष्टींची नोंद करून ते घरी पाठविल्यास घर व शाळा एकाच दिशेने चालू लागतात. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ अन्वये मनाई आहेच. याशिवाय शिक्षकाने एक तपासणी आवर्जून करावी : मुलाला वाचता येते काय? फळ्यावरचे दिसते व बोललेले ऐकू येते काय? पाचवीतील ज्या मुलाला दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही, त्याला वर्गातून बाहेर घालविले जाणे ही सुटकाच वाटते.

वर्तनविकारावर नेमके असे औषध नाही. परंतु त्याच्या जोडीला अतिचंचलता व अवधानदोष, अध्ययन अक्षमता, अपस्मार किंवा खिन्नता असल्यास त्यांवर उपचार होऊ शकतात, आणि ते झाले की वागण्यातही पुष्कळदा फरक पडतो. अतितीव्र आक्रमकतेत तज्ज्ञ थोड्या काळासाठी औषधे देतात. ती परस्पर सुरू करू नयेत वा बंदही करू नयेत. स्वतःच्या जिवाला अपाय करण्याची भाषा मुलाने केल्यास एक दिवसही थांबू नये.

मुलाला ‘कोठेतरी ठेवा’ अशी मागणी करणारे पालक व पंच सर्वत्र भेटतात. संस्थांचा इतिहास आपल्याकडे जुना आहे. मुंबईत डेव्हिड ससून सुधारगृह १८५७ सालीच निघाले. त्याच शहरात सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले, तेव्हा मुलाला घरात ठेवूनच मदत करण्याचा दुसरा मार्गही खुला झाला. या दोहोंपैकी कोणता श्रेयस्कर, याविषयी एक धडा अमेरिकेत फार महागात मिळाला. मॅसॅच्युसेट्स राज्यात १९३९ साली पाचशेहून अधिक मुलग्यांवर एक मोठा प्रयोग सुरू झाला. निम्म्यांना वर्षानुवर्षे मार्गदर्शन, शिकवणी व उन्हाळी शिबिरे मिळाली. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी तपास केला तेव्हा मदत मिळालेल्यांची स्थिती न मिळालेल्यांहून काही बाबतींत वाईटच आढळली, आणि वारंवार शिबिरांना पाठविलेल्यांची विशेष वाईट. बिघडलेल्या मुलांना एकत्र ठेवले की ती एकमेकांची शाबासकी मिळविण्यासाठी अधिक बिघडतात, असा त्याचा अर्थ अभ्यासकांनी लावला. बाल न्याय अधिनियम, २०१५ नेही संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानला आहे. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, हे गावच्या पोलीस पाटलासही ठाऊक असावयास हवे.

हे सर्व करणार कोण, तज्ज्ञ आहेत कोठे, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे एक उत्तर भोपाळनेच दिले होते. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीच्या वायुगळतीनंतर हजारो गॅसग्रस्तांमध्ये भीती, निद्रानाश व खिन्नता दिसू लागली, आणि मानसोपचारतज्ज्ञ अगदी तोकडे होते. त्या वेळी, १९८५ मध्ये, बंगलोरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेचे डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅसग्रस्तांसाठी काम करणाऱ्या सामान्य डॉक्टरांनाच मानसिक उपचारांचे प्राथमिक शिक्षण दिले. मुलांच्या वर्तनासंबंधी पालकांना द्यावयाचे प्रशिक्षणही अशाच रीतीने शिक्षक, आरोग्यसेविका व अंगणवाडी सेविका यांच्यामार्फत पोहोचविता येण्याजोगे आहे. गरज अल्प नाही : २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशासह बारा राज्ये होती, आणि १३ ते १७ वयोगटात सर्व प्रकारच्या मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. भोपाळमध्ये गांधी वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न हमीदिया रुग्णालय व २०१२ पासूनची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था येथे मानसोपचार विभाग आहेत. मध्य प्रदेशातील जिल्हा रुग्णालयांत ‘मन-कक्ष’ आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही राज्यातून विनामूल्य सल्ला मिळतो.

मुलाला तपासणीस नेताना शिक्षकाने एका कागदावर दोन आठवड्यांची टिपणे द्यावीत. कोणते वर्तन, कोणत्या वेळी, कोणासमोर घडले, त्याच्या आधी काय झाले होते आणि नंतर मुलाला काय मिळाले, एवढेच त्यात लिहावे. मुलगा चांगला की वाईट, हा रकाना त्या कागदावर नसावा.