मोबाईलवरचा व्यापारी गट कामाचा कसा राहील?

वर्धा जिल्ह्यातील कापडाचा चिल्लर व्यापारी पूर्वी माल पाहायला नागपूरच्या गांधीबागेत जाई, नाहीतर दलालाची वाट पाही. आजही तो जातो. पण त्याआधी भाव, नमुना आणि पार्टीची माहिती मोबाईलवरच्या गटातून काढतो. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी येथील दुकानदार व शिलाई कारागीर एका गटात आले की तो एक बाजारच होतो. मात्र बाजाराची झाडलोट झाली नाही तर तिथे कोणी थांबत नाही. म्हणून आम्ही पुढील गोष्टी सुचवतो.

१) प्रवेश पारखून द्यावा. व्हॉट्सॲपच्या गटात २०२२ पासून १०२४ जण घेता येतात. म्हणून तेवढे भरावेत असे नाही. नव्या माणसाचा जीएसटी नंबर मागावा. तो १५ अक्षरांचा असतो. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, पुढची १० अक्षरे पॅनची. सरकारी संकेतस्थळावर तो टाकला की पेढीचे नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू की रद्द हे फुकट दिसते. मात्र पुष्कळ लहान कारागिरांना ही नोंदणी सक्तीची नसते. नंबर नाही म्हणून त्यांना बाहेर ठेवू नये. दोन जुन्या सभासदांची ओळख पुरे मानावी.

२) निरोप पूर्ण लिहावा. ‘माल आला, संपर्क करा’ यातून काहीच कळत नाही. कापडाची जात, पना, थान किती मीटरचे, भाव, कर धरून की वेगळा, भाडे कोणाकडे, उधारी किती दिवसांची आणि हा भाव कोणत्या तारखेपर्यंत, एवढे लिहावे.

३) शिळी माहिती फिरवू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के व त्यावरील कपड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी ही मर्यादा १००० रुपयांची होती. जुना निरोप पुन्हा फिरला आणि कोणी त्यावरून बिल फाडले, तर भुर्दंड त्या दुकानदारालाच. तारीख नसलेला निरोप मानू नये.

४) नंबर तपासावेत. बंद झालेला मोबाईल नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या ग्राहकास देऊ शकते. दुकान बंद केलेल्याचा नंबर यादीत राहिला तर ऑर्डर परक्याच्या हाती जाईल. तसेच ‘आमचे खाते बदलले’ असा निरोप आल्यास जुन्या नंबरवर बोलून, आवाज ओळखूनच पैसे पाठवावेत.

५) उधारीचा तगादा गटात करू नये. एकाची बाजू वाचून दहा जण माल थांबवतात आणि खरा माणूसही बुडतो. तक्रार चालकांकडे द्यावी. त्यांनी दोघांचे खाते पाहावे. त्यानंतरही कोणी पार्टीची चौकशी केली तर ऐकीव नव्हे, स्वतःच्या व्यवहारापुरते सांगावे.

६) चालक दोन असावेत. एक आजारी पडला किंवा त्याचा फोन हरवला तर गट पोरका होऊ नये. दर तीन महिन्यांनी यादी वाचावी. शुभेच्छा, राजकारण यांसाठी वेगळा गट करावा.

शेवटी एक. फक्त भाव विचारणारे पुष्कळ असतात, सांगणारे थोडे. महिन्यातून एकदा तरी आपल्याकडची खात्रीची एक गोष्ट प्रत्येकाने गटाला द्यावी. कोणता माल धुण्यात आटला, कोणत्या गाडीने गाठ वेळेवर पोचवली, एवढेही दुसऱ्याची रक्कम वाचवते.