विशाखापट्टणम : वाळू, बंदर आणि किनाऱ्यावर चढवलेली पाणबुडी

इंडस्ट्रियल व्हिजिट म्हणजे एक सकाळ कारखाना आणि उरलेले पाच दिवस फिरणं, हे गणित कुठल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात नवीन नाही. फिरण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण विशाखापट्टणम हे असं एक शहर आहे की तिथे हे दोन भाग वेगळे काढताच येत नाहीत. समुद्रकिनाऱ्यावर भेळ खाताना समोर जे दिसतं तोसुद्धा अभ्यासाचाच भाग असतो. आमची बॅच तिथे जाऊन आली. पुढच्या बॅचला उपयोगी पडावं म्हणून हे लिहितोय.

जायला मुंबईहून पुणे-सोलापूरमार्गे जाणारी कोणार्क एक्स्प्रेस आहे. गाडीत एक रात्र जाते, पत्ते सोबत ठेवा.

पहिल्या दिवशी सगळ्यात आधी कैलासगिरीवर जा. रोप-वे आहे, वर शंकर-पार्वतीची मोठी मूर्ती आहे, फोटो सगळे तिथेच काढतात. फोटो झाले की दक्षिणेकडे तोंड करून पाच मिनिटं शांत उभे राहा. खाली किनाऱ्याची लांबलचक कड आणि तिच्या टोकाला समुद्रात घुसलेला एक डोंगर दिसेल. तो डॉल्फिन्स नोज. त्याच्याच आडोशाला बंदर आहे. हा नकाशा एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं सोपं जातं.

आता थोडं सिव्हिलवाल्यांसाठी. पूर्व किनाऱ्यावर लाटा किनाऱ्याला काटकोनात न येता तिरक्या येतात. त्यामुळे वर्षातला बराच काळ वाळू किनाऱ्याला धरून दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत राहते. वाळूची जणू एक नदीच, फक्त ती किनाऱ्याला समांतर वाहते. अशा ठिकाणी बंदराचं तोंड उघडं ठेवलं तर ते वाळूने बुजणार. बंदर बांधताना यावर जो उपाय केला तो मला फार आवडला. दोन जुनी जहाजं घेतली, त्यात दगड भरले आणि ती तोंडाजवळ बुडवून त्यांचाच बांध केला! बंदर १९३३ साली सुरू झालं. म्हणजे या शहरातली पहिली ऐतिहासिक जहाजं बघायला मिळतच नाहीत, ती पाण्याखाली नोकरी करत होती.

पण निसर्गाला एका जागी अडवलं की तो दुसऱ्या जागी वसुली करतो. १९७० च्या दशकात बाहेरचं मोठं बंदर झालं, लांब बांध आले, वाळू त्यांच्या दक्षिणेला अडकू लागली आणि उत्तरेकडच्या आर.के. बीचला ती कमी पडू लागली. म्हणून ड्रेजरने वाळू उपसून बीचवर टाकावी लागते. आपण ज्या वाळूत चप्पल हातात घेऊन फिरतो तिच्यातली काही अशी पाइपातून आलेली असते. (बीचवर फिरा, पण पाण्यात उतरू नका. ओढ जबरदस्त आहे आणि तिथे दुर्घटना झालेल्या आहेत. पोहता येणाऱ्यांनाही हेच सांगतो.)

दुसरा दिवस शिपयार्डसाठी ठेवा. रिक्षावाल्याला "सिंधिया" म्हटलं की तो बरोबर त्या बाजूला नेतो. हे नाव ऐकून आपल्याला ग्वाल्हेर आठवतं, आणि संबंध आहेही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी नरोत्तम मोरारजी वगैरेंबरोबर १९१९ साली ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचं 'लॉयल्टी' नावाचं जहाज विकत घेतलं आणि 'सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी' काढली. ५ एप्रिल १९१९ ला ते जहाज मुंबईहून लंडनला निघालं. त्या तारखेला आजही राष्ट्रीय सागरी दिन पाळतात. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच हे वालचंद. एम-१ आणि एम-२ च्या पुस्तकांच्या पलीकडे आपण त्यांच्याबद्दल काही वाचत नाही, ही गोष्ट वेगळी.

नुसती जहाजं चालवून भागणार नाही, ती इथे बांधलीही पाहिजेत, असा त्यांचा हट्ट. २१ जून १९४१ ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते विशाखापट्टणमला शिपयार्डची पायाभरणी झाली. पुढच्याच वर्षी, ६ एप्रिल १९४२ ला, जपानी विमानांनी या शहरावर बॉम्ब टाकले. त्यातला एक न फुटलेला बॉम्ब बीच रोडवरच्या विशाखा म्युझियममध्ये ठेवलेला आहे, जरूर बघा. एवढं होऊनही १४ मार्च १९४८ ला 'जल उषा' हे ८,००० टनी जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. स्वतंत्र भारतात बांधून झालेलं हे पहिलं मोठं जहाज. १९५२ मध्ये हिंदुस्तान शिपयार्ड कंपनी झाली आणि पुढे ती पूर्णपणे सरकारची झाली.

आता मुख्य वस्तू. आर.के. बीचवर, रस्त्याला लागून, वाळूत एक अख्खी पाणबुडी उभी आहे : आय.एन.एस. कुरसुरा. रशियन बनावटीची, १८ डिसेंबर १९६९ ला नौदलात आली, १९७१ च्या युद्धात अरबी समुद्रात गस्तीवर होती, २००१ मध्ये निवृत्त झाली आणि २००२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. लांबी ९१ मीटरच्या वर. पाण्यातून काढून शेवटच्या ६०० मीटरचा प्रवास करायला दीड वर्ष लागलं!

बहुतेक लोक तिच्यातून दहा मिनिटांत आरपार निघून जातात. आपण तसं करू नये. आत गेल्यावर या गोष्टी ताडून बघा.

पृष्ठभागावर तिचं वजन साधारण १,९५० टन आणि बुडाल्यावर २,४७५ टन. फरक ५२५ टनांचा. तो सगळा आत घेतलेल्या पाण्याचा. एका सांगाड्यात दुसरा सांगाडा अशी तिची रचना आहे आणि दोघांच्या मधल्या टाक्यांत हे पाणी भरतात. वर यायचं तर दाबाखालची हवा सोडून पाणी बाहेर ढकलायचं. आर्किमिडीज आठवीतच शिकलो होतो, पण तो ५२५ टनांचा असतो हे तिथे कळलं.

दाबाचं गणित उभ्याउभ्या करता येतं. १०० मीटर खोलीवर दर चौरस मीटरला जवळजवळ १०० टन भार येतो, म्हणजे सहा-सात भरलेल्या एस.टी. गाड्या. आपल्या एस.ओ.एम.च्या पेपरातलं पातळ नळकांडं आतून दाबलं जातं आणि ताणाने फाटतं. इथे दाब बाहेरून येतो, त्यामुळे भीती फाटण्याची नसून चेपून मुडपण्याची असते. म्हणूनच आतल्या सांगाड्याला ठरावीक अंतरावर कड्या असतात. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला पूर्ण दरवाजा नाही, गोल भोक आहे. त्यातून अंग दुमडून जाताना त्या गोल आकाराचं कारण विचारा : चौकोनी भोकाच्या कोपऱ्यांवर ताण साठतो.

इंजिनरूममध्ये तीन डिझेल इंजिनं, त्यांच्या मागे तीन इलेक्ट्रिक मोटारी आणि तीन शाफ्ट. पाण्याखाली डिझेलला हवा कुठून मिळणार? म्हणून खाली बॅटरीवर चालायचं आणि चार्जिंगसाठी पृष्ठभागाजवळ येऊन फक्त नळी बाहेर काढायची. बॅटऱ्या लेड-ॲसिडच्या, म्हणजे चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. बंद डब्यात, झोपायच्या बाकांच्या खाली, हायड्रोजन! इलेक्ट्रिकलच्या मुलांनी वायुवीजनाबद्दल जरूर विचारावं. गाइड म्हणून नौदलातली निवृत्त मंडळी असतात. खोदून विचारणारा कोणी भेटला की ती खुलतात. साठ जणांचा घोळका नेऊ नका, दहा-बाराच्या गटाने जा. सोमवारी बंद असतं.

टॉर्पेडोच्या नळ्या दहा : पुढे सहा, मागे चार. त्यांच्याच शेजारी माणसांच्या झोपायच्या जागा आहेत. हॉस्टेलच्या खोलीबद्दल मी तरी यापुढे तक्रार करणार नाही.

बाहेर आल्यावर एक प्रश्न मला छळत राहिला. ही पाणबुडी टिकली, मग आपली विक्रांत का नाही टिकली? १९६१ ते १९९७ नौदलात असलेली ती विमानवाहू नौका बरीच वर्षं मुंबईत तरंगतं संग्रहालय होती. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणाने ते बंद झालं, २०१४ मध्ये सुमारे ६० कोटींना लिलाव झाला आणि ती भंगारात गेली. तिच्या पोलादाचा थोडा अंश २०१६ साली एका मोटरसायकलच्या टाकीत आला. विराटसाठी आपल्या राज्य सरकारने २०१८ मध्ये सिंधुदुर्गात निवतीजवळ संग्रहालयाला मंजुरी दिली होती, पण २०२० मध्ये तीही अलंगच्या वाटेला लागली.

फक्त सरकारला दोष देऊन इंजिनिअरचं भागणार नाही. तरंगणाऱ्या जहाजाचं पोलाद खाऱ्या पाण्यात रोज गंजतं. त्याचा तळ तपासायला ठरावीक वर्षांनी ड्राय डॉकमध्ये न्यावं लागतं, आणि वीस हजार टनांच्या आसपासच्या नौकेसाठी हा खर्च कधीच संपत नाही. कुरसुरा विक्रांतच्या मानाने पिल्लू. ती एकदाच काँक्रीटच्या पायावर चढवली आणि तळाचा प्रश्न संपला. खाऱ्या वाऱ्याचा गंज उरलाच, पण तो खरवडून रंग देण्याइतका हाताशी आला. विक्रांत अशी वाळूवर ओढता आली नसती हे मान्य. पण तिचा एखादा भाग, निदान डेकचा तुकडा आणि वरचा मनोरा, कापून जमिनीवर मांडता आला असता असं मला वाटतं. सगळं ठेवू किंवा काहीच नको, या वादात काहीच उरलं नाही.

रस्त्याच्या पलीकडे टी.यू.-१४२ हे विमान उभं आहे, डिसेंबर २०१७ पासून. त्याचं काम पाणबुड्या शोधणं. मांजर आणि उंदीर समोरासमोर ठेवल्यासारखं वाटतं. त्याच्या चारही इंजिनांवर उलट-सुलट फिरणाऱ्या पंख्यांच्या जोड्या आहेत. मागचा पंखा पुढच्याने हवेला दिलेला पीळ काढून घेतो. जवळच 'व्हिक्टरी ॲट सी' हे १९७१ चं स्मारक आहे. पाकिस्तानची गाझी पाणबुडी याच बंदराबाहेर बुडाली. आय.एन.एस. राजपूतच्या माऱ्याने की दुसऱ्या कशाने, यावर दोन्ही देशांचं अजून एकमत नाही.

एक दिवस जादा असेल तर अराकूची रेल्वे पकडा. बैलाडिलाचं लोखंडी खनिज बंदरावर आणण्यासाठी बांधलेली ही लाइन घाटातून बोगद्यांमागून बोगदे पार करते. वाटेत बोर्राच्या चुनखडीच्या गुहा आहेत. सिंहाचलमचं मंदिर शहराजवळच आहे, ते सकाळी लवकर करावं.

शिपयार्डच्या परवानगीसाठी एच.ओ.डीं.च्या सहीचं पत्र बरंच आधी पाठवावं लागतं, सोबत सगळ्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती. आत कॅमेरा नेता येईल या भरवशावर राहू नका. परवानगी नाहीच मिळाली, तर तो दिवस कुरसुराला द्या.