रोहिणीचे पाणी आणि फुरसुंगीचा कचरा

रोहिणी नदीच्या पाण्यावर शाक्य आणि कोलीय दोघांचीही शेती होती. पाणी प्रथम कोणी घ्यावे, ह्यावरून तंटे होत. शाक्य संघात सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला, तेव्हा सिद्धार्थाने विरोध केला. दोन्हीकडून दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि ह्या पाचांनी निवाडा करावा, ही त्याची सूचना बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या ग्रंथात दिली आहे. ती बहुमताने फेटाळली गेली. तिचे मर्म मात्र त्या हिशेबातच आहे : दोन्ही पक्षांची माणसे समान, आणि पाचवा उभयतांच्या संमतीचा.

हा पाठ शिकवताना मी पुण्याच्या कचऱ्याचे उदाहरण घेतो. कोथरूडचा कचरा डेपो बंद झाला आणि शहराचा भार उरुळी देवाची-फुरसुंगीवर पडला. विहिरींचे पाणी नासले. ग्रामस्थांनी गाड्या अडवाव्यात, आश्वासने मिळावीत, गाड्या पुन्हा सुरू व्हाव्यात, असे वर्षानुवर्षे चालले. ही गावे २०१७ पर्यंत महापालिकेच्या हद्दीबाहेर होती. म्हणजे ज्या सभागृहात ह्या कचऱ्याचा निर्णय होई, तेथे त्यांचा एकही नगरसेवक नव्हता. चौघांपैकी दोघे मुळात बोलावलेच नव्हते! पुढे शहरातच, बाणेरला प्रकल्प आला, तेव्हा तेथील रहिवासीही हरित न्यायाधिकरणात गेले.

वर्गात हमखास प्रश्न येतो : “सर, मग पाचवा कोण? महापालिका?”

महापालिका कशी होईल? कचरा तिचाच आहे.